प्रतिबंधात्मक आरोग्य समुपदेशन लोक मध्येच का सोडतात? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मधुमेह, उच्च रक्तदाब आणि तंबाखू यांसाठी सरकारी दवाखान्यांतून जे समुपदेशन चालते, त्याच्या पहिल्या भेटीला माणसे येतात आणि पुढे दिसेनाशी होतात, ही तक्रार या क्षेत्रातल्या प्रत्येकाने ऐकलेली आहे. असंसर्गजन्य रोगांच्या ओपीडीत समुपदेशक म्हणून काम करताना सहकाऱ्यांनी, आशाताईंनी, नातेवाइकांनी आणि क्वचित खुद्द रुग्णांनी मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, ते येथे उत्तरांसह दिले आहेत. काही उत्तरांत माझे मत डोकावेल. ते मत म्हणूनच वाचावे.

प्रतिबंधात्मक समुपदेशन म्हणजे नेमके काय, आणि ते कोणासाठी असते?

ज्या माणसाला आजार अजून झालेला नाही, किंवा झाला असला तरी त्याने त्रास द्यायला सुरुवात केलेली नाही, अशा माणसाशी त्याच्या खाण्यापिण्याबद्दल, चालण्याफिरण्याबद्दल, व्यसनाबद्दल आणि पुढच्या तपासण्यांबद्दल ठरावीक अंतराने होणारे बोलणे म्हणजे प्रतिबंधात्मक समुपदेशन होय. गावपातळीवर याची सुरुवात ‘सीबॅक’ फॉर्मपासून होते. आशाताई घरोघरी जाऊन तीस वर्षांवरील व्यक्तींचा हा फॉर्म भरतात; त्यात वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, शारीरिक हालचाल आणि आईवडिलांचा किंवा भावंडांचा आजार यांना गुण असतात, आणि बेरीज चारच्या वर गेली की त्या व्यक्तीला तपासणीसाठी प्राधान्याने पाठवले जाते. कमरेचा घेर स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटरच्या वर आणि पुरुषांसाठी ९० सेंटिमीटरच्या वर गेला की गुण वाढायला लागतात. तपासणीत उपाशीपोटीची साखर किंचित वाढलेली निघाली, रक्तदाब काठावर आला किंवा तंबाखूची सवय कळली, की ती व्यक्ती समुपदेशकाकडे येते.

भारतात हे काम ज्या राष्ट्रीय कार्यक्रमातून होते तो २०१० मध्ये सुरू झाला आणि ग्रामीण रुग्णालयांत व जिल्हा रुग्णालयांत समुपदेशकाचे पद त्यातूनच आले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (‘आयसीएमआर’) ‘आयसीएमआर-इंडियाब’ पाहणीनुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. हा दुसरा, मोठा आकडा म्हणजे खरे पाहता समुपदेशनाचे गिऱ्हाईक. आणि तेच सर्वांत आधी गळते.

‘गळती’ कोणाला म्हणायचे? तारीख चुकली म्हणजे माणूस गळाला का?

तसे मानू नये. लग्नसराई, पेरणी, पाहुणे, गाडी चुकणे अशा कारणांनी एखादी तारीख जातेच. केंद्र सरकार आणि ‘आयसीएमआर’च्या पुढाकाराने २०१७ साली सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात (महाराष्ट्र हे त्याच्या पहिल्या पाच राज्यांपैकी एक) याचे स्पष्ट निकष आहेत: नोंद झालेला रुग्ण तीन महिन्यांत एकदाही आला नाही, तर त्याची ‘भेट चुकली’ असे धरतात, आणि बारा महिने आला नाही, तर तो पाठपुराव्याबाहेर गेला असे धरतात.

मात्र हे निकष गोळी चालू असलेल्या रुग्णाला लागू होतात, कारण त्याचे उपचार कार्ड असते. ज्याला फक्त सल्ला दिला गेला, त्याच्या नावाचे कार्ड बहुतेक ठिकाणी नसते. रजिस्टरमध्ये एक ओळ असते आणि त्या ओळीच्या टोकाला ‘शेरा’ नावाचा एक अरुंद रकाना असतो. त्या रकान्यात काय लिहिले जाते, यावर पुढे येईनच. तूर्त एवढेच सांगते, की ज्यांची गळती सर्वाधिक, त्यांचीच मोजणी सर्वांत ढिली आहे.

सर्व काही मोफत असताना लोक येणे का सोडतात?

हा प्रश्न बहुधा वरिष्ठांकडून येतो आणि त्यात थोडी चीडही असते. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरसह सेवा निःशुल्क आहेत. एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तर तिकीटच नाही. मग अडचण कुठे राहिली?

अडचण दिवसात आहे. उपाशीपोटी रक्त द्यायचे म्हणून माणूस चहासुद्धा न घेता सकाळच्या पहिल्या गाडीने निघतो. नोंदणीची रांग, वजन, रक्तदाब, रक्ताचा नमुना, पुन्हा रिपोर्टसाठी थांबणे, डॉक्टरांची रांग, औषधाची खिडकी, आणि या सगळ्यानंतर, एक वाजायच्या सुमारास, व्हरांड्याच्या टोकाला असलेले माझे टेबल. परतीची गाडी तीनची. शेतमजुराचा त्या दिवसाचा रोज गेला, दुकानात कामाला असलेल्याचा खाडा पडला, आणि हातात काय पडले, तर छापील कागद. पुढच्या महिन्यात हे सगळे पुन्हा करायचे आणि पुन्हा कागदच आणायचा, हा व्यवहार ज्याला परवडत नाही त्याला बेफिकीर म्हणणे मला पटत नाही.

यात एक बारीकशी, पण फार महागात पडणारी गोष्ट आहे. औषधाची खिडकी समुपदेशकाच्या आधी लागत असेल, तर गोळ्या हातात पडल्या क्षणी माणसाचे दवाखान्यातले काम मनातून संपलेले असते आणि त्यानंतर त्याला थांबवणे म्हणजे लग्नात जेवण झाल्यावर भाषण ठेवण्यासारखे आहे. आम्ही पुढे समुपदेशन रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंतच्या रिकाम्या वेळात घ्यायला सुरुवात केली. त्यासाठी ना निधी लागला, ना परिपत्रक. टेबल व्हरांड्याच्या या टोकाकडून त्या टोकाला न्यावे लागले, आणि ते न्यायला आम्हाला दोन वर्षे सुचले नाही.

गळती सर्वांत जास्त कोणत्या टप्प्यावर होते?

माझ्या अनुभवात पहिल्या आणि दुसऱ्या भेटीच्या मध्ये. जो तिसऱ्यांदा आला, तो बहुधा बराच काळ येतो. त्याला येथली माणसे, रांगा आणि आमची बोलण्याची पद्धत ठाऊक झालेली असते.

समुपदेशनाच्या प्रशिक्षणात पाच पायऱ्या शिकवल्या जातात: विचारा, सल्ला द्या, तयारीचा अंदाज घ्या, मदत करा आणि पुढची भेट ठरवा. गर्दीच्या दिवशी पहिल्या दोन कशाबशा पार पडतात आणि पाचवी नेमकी राहून जाते. “पुढच्या महिन्यात या” हे वाक्य म्हणजे भेट ठरवणे नव्हे. कोणत्या वारी, किती वाजता, उपाशीपोटी की जेवून, आणि त्या दिवशी त्यांचा बाजार किंवा शेतात पाण्याची पाळी तर नाही ना, हे विचारून कागदावर ठळक लिहून दिले तरच ती भेट ठरली असे म्हणता येते.

“मला काही त्रासच होत नाही, मग कशाला यायचे?” या प्रश्नाला काय उत्तर द्यावे?

प्रथम हे मान्य करावे, की प्रश्न रास्त आहे. वाढलेला रक्तदाब बहुतेकांना जाणवतच नाही, आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या माणसाला तर आपण निरोगी आहोत असेच वाटते. अमेरिकेत १९५० च्या दशकात क्षयरोगासाठी छातीचा एक्स-रे फुकट काढून मिळत असतानाही लोक येत नव्हते, तेव्हा तेथील सार्वजनिक आरोग्य सेवेतील सामाजिक मानसशास्त्रज्ञांनी त्याचा शोध घेतला. त्यातून जे सूत्र पुढे आले ते आजही उपयोगी पडते: हा आजार मला होऊ शकतो, लक्षणे नसतानाही तो अंगात असू शकतो, आणि आधी कळल्याने माझा फायदा आहे, असे माणसाला वाटले तर तो येतो, यांपैकी काही वाटले नाही, किंवा येण्याचा त्रास फायद्याहून मोठा वाटला, तर तो येत नाही.

यात आणखी एक अवघड सत्य आहे, जे समुपदेशक सहसा बोलून दाखवत नाहीत. ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेफ्री रोझ यांनी १९८१ मध्ये मांडले, की ज्या प्रतिबंधक उपायाने समाजाचा मोठा फायदा होतो, त्यातून एकेका माणसाच्या पदरात फारच थोडे पडते. मीठ कमी खाणाऱ्या शंभर जणांपैकी ज्यांचा पक्षाघात टळला, त्यांना तो टळल्याचे कधीच कळत नाही. न घडलेल्या गोष्टीचे श्रेय कोण कोणाला देणार? त्यामुळे ‘नाहीतर अमुक होईल’ या धाकावर माणसाला वर्षभर बांधून ठेवता येत नाही. धाक पहिल्या भेटीपुरता चालतो. दुसऱ्या भेटीला माणूस धाकामुळेच येत नाही, कारण साखर वाढलेली निघाली तर काय, याची त्याला भीती वाटते.

“आईला साखर होती, तिचा पाय कापावा लागला, म्हणून मला रिपोर्ट बघायचाच नाही,” असे सांगणारे गृहस्थ मला भेटलेले आहेत. रजिस्टरमध्ये त्यांच्यापुढे ‘आजाराचे गांभीर्य नाही’ असा शेरा होता.

समुपदेशकाच्या बोलण्यामुळे लोक सोडून जातात का?

होय. मी हे स्वतःच्या अनुभवावरून लिहिते आहे.

पन्नाशीच्या एक बाई आल्या होत्या. रक्तदाब काठावर, वजन ठीक, मशेरीची सवय तीस वर्षांची. मशेरी म्हणजे तव्यावर भाजून पूड केलेला तंबाखू. सकाळी दात घासायला म्हणून सुरू होतो आणि मग दिवसातून चार-पाच वेळा बोटाने हिरड्यांना लागतो. कनवटीला त्यांची छोटी डबी होती. मी छापील तक्ता समोर धरला आणि वाचत गेले: मशेरी बंद, पापड-लोणचे बंद, मीठ पाच ग्रॅमच्या आत, रोज अर्धा तास चालणे. त्या प्रत्येक वाक्याला मान डोलावत होत्या. सात मिनिटांत काम उरकले, याचे मला समाधानही वाटले. बाहेर जाऊन त्या आमच्या सफाईच्या मावशींना म्हणाल्या, “बाई लई बोलल्या मला.” त्या पुन्हा आल्या नाहीत. महिन्याभराने त्यांच्या नावापुढे मी शेरा लिहिला: ‘रुग्ण सहकार्य करत नाही.’

आपल्याकडे वडीलधाऱ्यासमोर किंवा टेबलापलीकडे बसलेल्या माणसासमोर ‘नाही’ म्हणायची रीत नाही. मान डोलावणे हा नकाराचा सभ्य प्रकार आहे, होकाराचा नव्हे, आणि समुपदेशकाने तो ओळखायला शिकले पाहिजे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी दारू सोडू पाहणाऱ्या लोकांबरोबर काम करताना १९८३ मध्ये संवादाची जी पद्धत मांडली, तिचे सार असे, की समोरच्याला सुधारण्याची घाई केली की तो आपली सवय बचावायला लागतो, आणि बदलाचे शब्द त्याच्या स्वतःच्या तोंडून निघाले तर ते टिकतात. त्या बाईंना मी फक्त “मशेरी केव्हा लागते?” एवढेच विचारले असते, तर त्यांनी बहुधा सांगितले असते, की सकाळी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही. मग बोलणे पोट साफ होण्यावर गेले असते, आणि दुसऱ्या भेटीला काहीतरी निमित्त उरले असते.

आडोसा नसणे हेही एक कारण आहे. व्हरांड्यात, मागच्या बाकावर सासूबाई बसलेल्या असताना सून आपली सवय सांगणार नाही, आणि शेजारचा गावकरी ऐकत असताना कोणी आपण रोज किती पितो हे सांगणार नाही. साधा पडदा लावला तरी बोलणे बदलते.

आहाराचा सल्ला सर्वांत आधी का सुटतो?

कारण तो बहुतेक वेळा एकट्या माणसाला दिलेला असतो आणि स्वयंपाक सहा जणांचा असतो. “तेल कमी करा” हे पुरुषाला सांगून उपयोग नाही. घरात महिन्याला तेलाचा डबा किती दिवस पुरतो, हे स्वयंपाक करणाऱ्या बाईला विचारावे लागते. “भात बंद करा, नाचणी खा” हे तर कित्येकदा अन्यायाचेच असते. रेशनवर प्रत्येक माणशी महिन्याला पाच किलो धान्य मोफत मिळते आणि ते मुख्यतः तांदूळ आणि गहू असते. घरात आलेला तांदूळ विकून नाचणी आणणारे कुटुंब मी पाहिलेले नाही. अशा घरात भात किती, कशासोबत आणि कोणत्या वेळी, एवढेच बोलणे शहाणपणाचे ठरते.

उपासांचा मुद्दा वेगळा. चातुर्मास, संकष्टी, नवरात्र यांत साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचे वेफर्स आणि गोड रताळी एकाच दिवशी पोटात जातात, आणि माणूस प्रामाणिकपणे सांगतो की आज मी काहीच खाल्लेले नाही. त्याला खोटे पाडले तर तो येणे सोडतो. भगर, दाण्याची आमटी, ताक, राजगिरा यांकडे वळवले तर उपासही राहतो आणि माणूसही राहतो.

हाताशी धरायला सर्वांत सोपी गोष्ट चहा आहे. दिवसाला सहा कप आणि कपाला दोन चमचे साखर हे आपल्याकडे अजिबात विशेष नाही. सपाट चमचा चार ग्रॅमचा धरला तरी ती ४८ ग्रॅम झाली, आणि जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची वरची मर्यादा साधारण ५० ग्रॅमच्या आसपास येते. म्हणजे जेवायला बसण्याआधीच दिवसाचा कोटा संपला. हा हिशेब रुग्णाकडूनच बोटांवर करवून घेतला, तर तो लक्षात राहतो, असा माझा अनुभव आहे. पहिल्या भेटीत एवढेच करावे. दहा गोष्टी सांगितल्या तर त्यातली एकही न जमल्याची लाज घेऊन माणूस घरी बसतो.

स्त्रियांच्या गळतीची कारणे वेगळी असतात का?

असतात, आणि त्यांचा विचार कमी होतो. शेतावर निंदणी-खुरपणी करून, पाणी भरून आलेल्या बाईला “रोज अर्धा तास चाला” म्हटले की तिला हसू येते. तिच्या हालचालीची नोंद करताना आधी तिचे काम मोजावे. दुसरे म्हणजे, दवाखान्यात जायला कारण लागते. मुलाला ताप आहे, सासऱ्यांची तारीख आहे, ही कारणे घरात चालतात. “मला काही झालेले नाही, पण बोलायला जायचे आहे” हे कारण चालत नाही. यावर आम्हाला जमलेला एक उपाय असा, की तिची पुढची तारीख बाळाच्या लसीकरणाच्या किंवा सासूबाईंच्या गोळ्यांच्या दिवसाला जोडून द्यायची.

स्थलांतर करणाऱ्या मजुरांचे काय?

बीड, अहिल्यानगर आणि आसपासच्या भागांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल आणि खाडा पडला तर होणारी कपात, अशा बंधनात असलेल्या जोडप्याला ‘दरमहा पाठपुरावा’ देणे म्हणजे गळती आपणच लिहून देणे आहे. रजिस्टरमध्ये सहा महिने ‘बाहेरगावी’ असा शेरा पडत राहतो. जाण्यापूर्वीच्या शेवटच्या भेटीत कार्ड सोबत देणे, कारखान्याजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचे नाव त्यावर लिहून देणे आणि परतल्यावर आशाताईंनी पहिल्या पंधरवड्यात भेटणे, एवढे केले तरी बराच फरक पडतो.

तंबाखू सोडण्यासाठी आलेले लोक आठवड्याभरात का गायब होतात?

कारण आपण त्यांना महिन्यानंतरची तारीख देतो. तंबाखू सोडल्यावर चिडचिड, झोप न लागणे, डोके दुखणे आणि तीव्र तलफ हा त्रास पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त असतो आणि पुढच्या दोन-चार आठवड्यांत उतरत जातो. पुन्हा सुरू करणारे बहुतेक जण याच दिवसांत सुरू करतात. म्हणजे ज्या दिवसांत आधार हवा, त्या दिवसांत समुपदेशक नाही, आणि ज्या दिवशी समुपदेशक भेटणार, तोवर चूक झालेली असते आणि तोंड दाखवायची हिंमत उरलेली नसते. सोडायचा दिवस ठरवल्यावर तिसऱ्या आणि सातव्या दिवशी एक फोन करणे हे महिन्याच्या लांबलचक भेटीपेक्षा मोलाचे आहे. तंबाखूच्या पुड्यांवर छापलेला १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय क्रमांक निःशुल्क आहे. तो पुडी विकत घेणाऱ्याच्या हातात रोज असतो, पण त्यावर फोन करता येतो हे फार थोड्यांना ठाऊक असते.

२०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेतात आणि त्यात न ओढण्याच्या प्रकारांचा वाटा मोठा आहे. सोडून पुन्हा लागणे हा या सवयीचा नेहमीचा मार्ग आहे. बरेच जण अनेक प्रयत्नांनंतर सुटतात. हे पहिल्याच भेटीत सांगितले, तर माणूस घसरल्यावरही परत येतो.

वजन उतरत नाही म्हणून लोक निराश होऊन सोडतात. त्यांना काय सांगावे?

एकट्या काट्याकडेच बघू नये, असे सांगावे आणि त्यामागचा पुरावाही सांगावा. अमेरिकेतील २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, वजन सात टक्क्यांनी कमी करणे आणि आठवड्याला किमान १५० मिनिटे हालचाल हे उद्दिष्ट ठेवलेल्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. त्या लोकांना पहिल्या सहा महिन्यांतच सोळा स्वतंत्र भेटी मिळाल्या होत्या, हे मात्र आपल्याकडे हा आकडा सांगताना गाळले जाते. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांच्या चमूने ५३१ जणांवर केलेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जीवनशैलीतील बदलाने हा धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला, आणि तो वजनात लक्षणीय घट न होताही झाला. आपल्या लोकांच्या दृष्टीने ही फार महत्त्वाची गोष्ट आहे. दोन महिने चालूनही काटा हलला नाही म्हणून उठून जाणारा माणूस कदाचित नेमके फायद्याचेच काम करत असतो.

“बीपी नॉर्मल आले, आता काय गरज?” असे म्हणून सोडणाऱ्यांचे काय?

हे निराश होऊन जाणाऱ्यांपेक्षाही अधिक असतात, आणि चूक आमच्या भाषेची असते. “नॉर्मल आले” म्हणताना आम्ही ‘गोळीमुळे आले’ किंवा ‘मीठ कमी केल्यामुळे आले’ हे जोडत नाही. रक्तदाब १४०/९० च्या खाली आला, की तो तसाच राहील असा माणसाचा समज होतो. चष्मा लावल्यावर नीट दिसते म्हणून कोणी चष्मा फेकून देत नाही, हे उदाहरण आमच्याकडच्या एका आशाताई देतात. माझ्या कोणत्याही तक्त्यापेक्षा ते चांगले चालते.

आठवणीचे फोन आणि संदेश उपयोगी पडतात का?

पडतात, पण मजकुरावर अवलंबून आहे. दक्षिण भारतातील ५३७ नोकरदार पुरुषांवरील आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, मोबाइलवर नियमित छोटे संदेश मिळालेल्या गटातील १८ टक्के पुरुषांना दोन वर्षांत मधुमेह झाला, तर न मिळालेल्या गटात हे प्रमाण २७ टक्के होते. त्या संदेशांत माणसाच्या तयारीनुसार आहार-व्यायामाच्या सूचना होत्या. आपल्याकडे जाणारा संदेश बहुधा ‘आपली भेट प्रलंबित आहे, त्वरित संपर्क साधा’ अशा वळणाचा असतो. वीजबिलाची थकबाकी आणि आरोग्याची चौकशी एकाच सुरात आली, तर दोन्ही न वाचता पुसली जातात. शिवाय घरात एकच फोन असतो आणि तो मुलाकडे असतो, हेही लक्षात ठेवावे लागते.

प्रत्येक गळती वाईटच असते का?

नाही. काहींना हवे ते मिळालेले असते. ते चालायला लागलेले असतात आणि जवळच्या उपकेंद्रात रक्तदाब मोजून घेत असतात. काही जण खासगी डॉक्टरांकडे गेलेले असतात. त्यांना पुन्हा व्हरांड्यात आणून बसवण्याचा अट्टहास करू नये.

‘शेरा’ या रकान्यात काय लिहावे?

वर्षअखेरीस मी एकदा जुने रजिस्टर उघडून तो रकाना सलग वाचला. ‘फोन बंद’, ‘बाहेरगावी’, ‘नंतर येतो म्हणाले’, ‘सहकार्य नाही’, ‘गांभीर्य नाही’, पुन्हा ‘फोन बंद’. शंभराहून अधिक ओळींत एकदाही ‘आम्ही चुकीची तारीख दिली’ किंवा ‘त्या दिवशी समुपदेशक प्रशिक्षणाला गेल्या होत्या’ असे लिहिलेले नव्हते, आणि हे दोन्ही अनेकदा घडले होते हे मला ठाऊक होते. त्यातले बरेचसे अक्षर माझेच होते. तेव्हापासून शेऱ्यात स्वभावाचे वर्णन लिहायचे नाही, घडलेली गोष्ट लिहायची, असा नियम आम्ही केला आहे: ‘कापूस वेचणी चालू, दुपारी चारनंतर फोन करावा’, ‘रिपोर्टची भीती वाटते’, ‘मागच्या वेळी दोन तास थांबून परत गेले’. असा शेरा वाचून पुढे काय करायचे ते कळते. ‘सहकार्य नाही’ वाचून काहीच कळत नाही.

घरच्यांनी काय करावे?

पहारा देऊ नये. जेवताना ताटावर लक्ष ठेवून “डॉक्टरांनी काय सांगितलंय?” असे चारचौघांत विचारले, की माणूस घराबाहेर खायला लागतो. त्यापेक्षा सोबत चालायला जावे, आणि चहाची साखर सगळ्यांचीच कमी करावी.

मी वर्ष-दोन वर्षांपूर्वी जाणे सोडले. आता परत गेलो तर रागावतील का?

कोणी रागावले, तर ती त्यांची चूक आहे, आपली नाही. जुना कागद हरवला असेल तरी चालते. नवा केसपेपर निघतो. मधल्या काळात काय केले नाही याची सबब तयार करत बसण्याची गरज नाही. साखर तपासायची असेल तर रात्रीचे जेवण आठ-नऊच्या सुमारास उरकून सकाळी उपाशीपोटी यावे, पाणी प्यायला हरकत नाही. गोळ्या चालू होत्या आणि मध्येच थांबवल्या असतील, तर उरलेल्या गोळ्यांची पट्टी सोबत आणावी, म्हणजे कोणती गोळी होती ते डॉक्टरांना कळते. आणि शक्य असल्यास बाजाराचा दिवस टाळून यावे. त्या दिवशी रांग बाहेरच्या पिंपळापर्यंत जाते.